ओलं चिपाड

निबंध अकरा पानांचा होता. साखर तंत्रज्ञांच्या एका अधिवेशनात मी तो वाचला तेव्हा तिशी नुकतीच ओलांडली होती आणि गळ्यात पहिल्यांदाच टाय होता. विषय होता, जादा ओलाव्याच्या बगॅसचं, म्हणजे उसाच्या चिपाडाचं, ज्वलन आणि त्यासाठी भट्टीत केलेले बदल. शेवटच्या पानावर आभार मानले होते. चीफ इंजिनिअरांचे, कार्यकारी संचालकांचे, लॅबमधल्या केमिस्टचे, टायपिंग करून देणाऱ्या क्लार्कचेसुद्धा. तात्यांचे नव्हते. आणि त्या अकरा पानांत नवी म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती तात्यांची होती.

तात्या आमच्या गुऱ्हाळावर जाळ घालायचे.

भोगावतीच्या काठाला आमचं गुऱ्हाळ. गुऱ्हाळ म्हटलं की लोकांना काहील आठवते, काकवी आठवते, केळीच्या पानावरचा गरम गुळाचा गोळा आठवतो. या सगळ्याचा राजा म्हणजे गुळव्या. थंड पाण्यात पाकाचा थेंब टाकून तो बोटांनी गोळी बघणार आणि तो ‘हां’ म्हणाला की काहील उतरणार. पाहुणे आले की त्याच्याभोवती उभे राहायचे. जाळ घालणारा, आमच्याकडे त्याला चुलव्या म्हणत, तो मागच्या अंगाला असे. चुलवाणाच्या तोंडाशी जमिनीत उतरता खड्डा, त्यात तो बसलेला. काहिलीत काय चाललंय ते त्याला दिसत नाही. गुळव्या पुढून ओरडतो, ‘वाढीव’, ‘आवर’. तेवढ्यावर त्याने ओळखायचं की वरती मळी निघतेय, फेस चढतोय, की पाक घट्ट व्हायला लागलाय.

हजार लिटर रसातून गूळ निघतो दोनशे किलोच्या आसपास. बाकी बहुतेक पाणी, ते वाफ करून आभाळात घालवायचं. हे पाणी घालवायला जळण कुठलं, तर त्याच उसाचं चिपाड. विकत काही आणायचं नाही, हा गुऱ्हाळाचा हिशेब. पण घाण्यातून निघालेलं चिपाड स्वतःच ओलंगच्च असतं. म्हणून ते रानात पसरायचं, तीन-चार दिवस उन्हात उलथंपालथं करायचं. हे काम बायकांचं आणि पोरांचं. चिपाडाची बारीक कुसळं बोटात जायची आणि रात्री आई दिव्यापाशी बसून सुईनं काढायची. पुढे कुठल्याशा पुस्तकात वाचलं की वेस्ट इंडीजमधल्या जुन्या साखरमळ्यांवरही चिपाड वाळवून साठवायला वेगळी घरं असत. तिथली बोटं कुणाची होती आणि कुसळं कोण काढत होतं, ते त्या पुस्तकात नव्हतं.

तात्यांच्या खड्ड्याशेजारी तीन ढीग असायचे. कडक वाळलेलं, निमवाळलेलं आणि वल्लं. मूठभर चिपाड ते कानापाशी नेऊन पिळायचे. करकरलं तर पहिल्या ढिगात, नुसतंच दबलं तर तिसऱ्यात. हे बघायला मी खड्ड्यात उतरून बसायचो. वडिलांना ते आवडायचं नाही. मालकाच्या पोरानं चुलव्याशेजारी बसावं, असा रिवाज नव्हता.

मी सातवीत असेन. फेब्रुवारीत अवकाळी आला आणि पसरलेलं सगळं चिपाड भिजलं. घाण्याखाली रस येऊन पडलेला. रस थांबत नाही. चार-सहा तास गेले की तो आंबायला लागतो आणि मग गूळ धरत नाही, चिकट राहतो. वडील म्हणाले, लाकडं आणू. तात्या म्हणाले, थोडं थांबा. त्यांनी पडक्या भिंतीच्या विटा आणल्या आणि चुलवाणाच्या तोंडात, आतल्या बाजूला, उतरत्या तीन पायऱ्या मांडल्या. ओलं चिपाड सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवलं. ते पेटलं नाही, नुसतं वाफाळत राहिलं. तात्या बिडी ओढत बसले. गुळव्या पुढून ‘वाढीव, वाढीव’ म्हणून बोंबलतोय आणि हे जागचे हलेनात. वाफ विरळ झाली तेव्हा काठीनं त्यांनी ते खालच्या पायरीवर सारलं आणि वरती नवं ओलं ठेवलं. तिसऱ्या पायरीपर्यंत येता येता चिपाडानं आपण होऊन पेट घेतला.

मी विचारलं, आतच का नाही टाकत सगळं?

“आरं, वल्लं मानूस थंडीनं कुडकुडत आला तर त्येला काय इस्तवात ढकलतोस व्हय? शेजारी बसीव. वाळू दे. मग त्यो आपणच जवळ सरकतोय.”

त्या रात्री काहील उतरली. गूळ जरा काळसर झाला, पण धरला. लाकडं आणावी लागली नाहीत.

सांगलीच्या वालचंद कॉलेजात मी मेकॅनिकलला गेलो आणि पुढे एका सहकारी कारखान्यात बॉयलर हाऊसला लागलो. तिथं ह्युगॉट भेटला. ‘हँडबुक ऑफ केन शुगर इंजिनिअरिंग’ हे एमिल ह्यूगो यांचं पुस्तक. हे गृहस्थ हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरचे. पुस्तक मुळात फ्रेंच, इंग्रजीत आलं १९६० साली. आम्ही सगळे त्यांना ह्युगॉटच म्हणायचो. ‘ट’ उच्चारायचा नसतो हे कळायला मला निवृत्ती जवळ यावी लागली. भट्ट्यांवरचं प्रकरण उघडलं आणि पायऱ्यांच्या जाळीचं चित्र दिसलं. उतरत्या पायऱ्या, वरून ओलं चिपाड, खाली येईपर्यंत वाळून पेटणारं. मला एकदम बिडीचा वास आला. तात्यांनी रियुनियन बेटाचं नाव ऐकलेलं असणं शक्य नव्हतं, आणि त्या चित्रातल्या पायऱ्या लोखंडाच्या होत्या, एवढाच फरक.

त्याच पुस्तकात एक सूत्र आहे. आमच्या पिढीतल्या बॉयलरवाल्यांना ते पाढ्यासारखं पाठ. ४२५०मधून साखरेच्या टक्क्याची बारापट आणि ओलाव्याच्या टक्क्याची साडेअठ्ठेचाळीसपट वजा करायची. उरते ती किलोमागे हाती लागणारी उष्णता, किलोकॅलरीत. मिलमधून निघणाऱ्या चिपाडात साधारण निम्मं पाणी असतं. ५० टक्के ओलावा आणि २ टक्के साखर धरली तर आकडा येतो १८०० आणि वर एक. ओलावा ५४ झाला की १६०७. कागदावर ही घट दहा-अकरा टक्क्यांच्या पुढची नाही. भट्टीत ती फार मोठी असते, कारण भट्टीच गार पडते, आणि गार भट्टी पुढचं चिपाड वाळवू शकत नाही. ते न वाळल्यामुळे ती आणखी गार होते. उधारीवर चालणाऱ्या दुकानासारखं एकदा घसरायला लागलं की सावरत नाही.

आमच्या कारखान्यातले जुने बॉयलर घोड्याच्या नालेच्या आकाराच्या भट्टीचे होते. अग्निविटांचं खोल, वाकडं आवार; वरून चिपाड पडतं, मधोमध ढीग होतो, भोवतालच्या भिंतींतल्या भोकांतून हवा येते. ढीग बाहेरून जळत जातो आणि तापलेल्या भिंती आतल्या ओल्याला वाळवत राहतात. रचना चांगली. पण त्या वर्षी शेवटच्या मिलचे रोलर झिजलेले होते आणि त्यात मार्चात पाऊस. लॅबचा ओलावा चोपन्नवर. स्टीम पडायची, मिल उभी राहायची, गव्हाणीत ऊस तसाच. बाहेर बैलगाड्यांची रांग. सरपणाचे ट्रक मागवले गेले. आणि वरून ठपका आला तो फायरमनवर. रात्रपाळीत झोपतात म्हणे! दोघांना मेमो मिळाले. मी तेव्हा गप्प बसलो. हेही एक देणंच.

ते झोपत नव्हते. उलट जिवाच्या आकांतानं चिपाड सोडत होते. प्रेशरचा काटा खाली आला की माणूस घाबरून जास्त जळण घालतो. ढीग वाढून भिंतींतली भोकंच बुजायची, हवा बंद, चिमणीतून काळा धूर, काटा आणखी खाली.

त्याच आठवड्यात तात्या कारखान्यावर आले होते, पुतण्याच्या कामासाठी. मी त्यांना बॉयलर हाऊसला घेऊन गेलो, खरं तर मिरवायला. तोवर मी त्यांचा ‘आरं’ राहिलो नव्हतो. नोकरी लागल्यापासून ते मला ‘सायेब’ म्हणायला लागले होते आणि मीही त्यांना अडवलं नव्हतं. निळी काच त्यांच्या हातात दिली आणि बघायचं झाकण उघडलं. तात्यांनी बराच वेळ पाहिलं. मग काच परत देत म्हणाले, “सायेब, लई खायाला घालताय. जरा उपाशी ठेवा की तिला.” आणि थोड्या वेळानं, चहा पिताना, “हितं पायरी न्हाई. पडल्या पडल्या इस्तवात.”

एवढंच. पुतण्याचं काम त्या दिवशी झालं नाही, पुढेही झालं नाही.

त्या रात्री चारपैकी एका भट्टीचं चिपाड मी निम्म्यावर आणलं. फायरमन माझ्याकडे वेड्यासारखं बघत होता. काटा आधी खाली गेला. ती वीस मिनिटं मी अजून विसरलेलो नाही. मग ढीग बसला, भोकं उघडी पडली, भिंती लाल दिसायला लागल्या आणि काटा चढला. ढिगाच्या वरच्या अंगाला येणारी हवाही वाढवली. वाळल्या चिपाडाचा चार-पंचमांश भाग तापल्यावर वायू होऊन उठतो आणि वरच्या मोकळ्या जागेत जळतो. त्याला तिथं हवा मिळाली नाही तर तो धूर होऊन चिमणीतून निघून जातो, म्हणजे पैसेच निघून जातात. हंगाम संपल्यावर दोन भट्ट्यांत, चिपाड पडतं तिथं, अग्निविटांचा उतरता कट्टा बांधून घेतला. चिपाड आधी त्या तापल्या उतारावर पडून वाफाळायचं, मग घसरून ढिगावर यायचं. पायरीच ती.

पुढच्या हंगामात सरपणाचं बिल आलं नाही. मधल्या काळात शेवटच्या मिलचे रोलरही बदलले होते, तेव्हा सगळं श्रेय विटांचं नाही. निबंधात मी रोलरचा उल्लेख एका ओळीत उरकला आणि कट्ट्याला चार पानं दिली. त्या निबंधावर मला बढती मिळाली.

तात्यांसाठी मी घोंगडी नेली. त्यांनी ती घेतली, हात फिरवून बघितली, चांगली हाय म्हणाले. निबंधाचं मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते हसून सोडून देते, हे मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच न सांगणं सोपं होतं.

आता कारखान्यांत नालेच्या भट्ट्या फारशा उरल्या नाहीत. सरकत्या जाळीचे, शंभर बारच्या पुढचे बॉयलर आले, चिपाड वाऱ्यावर उडवून उडतानाच जाळतात, त्या वाफेवर वीज करून विकतात. धुराच्या उष्णतेवर हवा आधी तापवून घेतात, म्हणजे वाळवण्याचं काम ती हवा करते. ओलावा मात्र अजून पन्नासच्या आसपासच आहे. हंगामाआधी अग्निप्रदीपन होतं, चेअरमन सपत्नीक पूजा करतात, फोटो निघतो. फोटोत फायरमन कडेला, निम्मा कापलेला असतो. माझ्या घरी असे सात-आठ फोटो आहेत. सगळ्यांत मी मधोमध आहे.

आमचं गुऱ्हाळ बंद पडून वीस वर्षं झाली. माणसं मिळेनात, हे मुख्य कारण. चुलवाण बुजवून तिथं भावानं ट्रॅक्टरची शेड घातली आहे. तात्या त्याआधीच गेले. हे लिहायला घेतलं तेव्हा त्यांच्या मुलाला भेटलो आणि विचारलं, नाव घालू का? तो शिक्षक आहे, मुलगी डॉक्टर होतेय. त्यानं चहा दिला, निबंधाची झेरॉक्स पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि म्हणाला, “आता नको, साहेब. तेव्हा घालायचं होतं.” म्हणून इथंही ते नाही.

कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. थोडी का होईना, गुऱ्हाळं अजून चालू आहेत. जानेवारीत पन्हाळा-राधानगरीकडे गेलात तर रस्त्यावरूनच धूर दिसेल. गूळ खायला पुढून जाल, ते बरोबरच आहे. निघताना एकदा मागच्या बाजूला जा, खड्ड्यात बसलेल्या माणसाला त्याचं नाव विचारा आणि लिहून घ्या.