मौनाचा तास

घशाला सूज येऊन डॉक्टरांनी बोलण्याची सक्त मनाई केली, तेव्हा जन्मभर वाणीवरच गुजराण केलेल्या माझ्यासारख्या शिक्षकाला प्रथम जाणवली ती काळजी नव्हे, तर एक प्रकारची बेदखली. विद्युत्प्रवाहाचा पाठ तर पुढ्यातच होता. अखेर नोबेल पारितोषिकाचे मानकरी कार्ल वीमन यांनी 2002 साली कोलोरॅडो विद्यापीठात आरंभिलेल्या ‘फेट’ प्रकल्पातील विद्युत्मंडलाची विनामूल्य संगणकीय प्रतिकृती मी प्रोजेक्टरवर लावली आणि फळ्यावर एवढेच लिहिले : ‘दिवा लावा.’

निळ्या ठिपक्यांचे इलेक्ट्रॉन तारेतून मुंग्यांच्या रांगेसारखे सरकू लागले. कळ उघडताच सारे जागच्या जागी थबकले. जे मी वर्षानुवर्षे हातवारे करून सांगत आलो, ते तेथे विनासायास दिसत होते, याचे समाधान मानावे की किंचित मत्सर वाटू द्यावा, हे माझे मला अद्याप ठरवता आलेले नाही. इतक्यात एका मुलीने बॅटरीची दोन्ही टोके नुसत्या तारेने जोडली आणि पडद्यावर ज्वाळा भडकल्या! वर्गात हशा पिकला. खऱ्या प्रयोगशाळेत बॅटरी जळती, तर डेडस्टॉक रजिस्टरापासून लेखी खुलाशापर्यंत सारे दप्तर हलले असते. (आमच्या खात्याला आग परवडते, नोंद चुकलेली परवडत नाही.)

तास संपल्यावर ती मुलगी टेबलापाशी आली. “सर, आपला साधा सेल असा पेटतो का हो?” तो बहुधा नुसता तापतो, असे मी चिठ्ठीवर लिहून दिले.

“मग इथं जाळ कशाला दाखवलाय?”

चिठ्ठीवर जागा उरली नव्हती. आणि जागा असती, तरी काय लिहिले असते कोण जाणे.