काट्यावरची उधारी

गोंदिया,
सोमवार, रात्री

चि. बाबूस,

काल तुझा फोन ठेवला आणि जेवणावरची वासनाच गेली. तू विचारलंस एवढंच, की देवरीला बदली मागू की नको. पण जाता जाता बोलून गेलास ते कानातून जाईना. ‘मामा, दोन हंगाम फुकट राबलो. आता तीन वाजता काटा बंद करून निघालो, तर कुणाचं काय बिघडलं?’

बिघडलं रे. खरेदी केंद्राबाहेर धानाचे ट्रॅक्टर उभे होते, आभाळ भरून आलं होतं, हे तूच सांगितलंस. ओल १७ टक्क्यांच्या वर गेली की धान परत, हे मी तुला शिकवायचं का? राग तुझा साहेबावर, आणि रात्री भिजले असते सालेकशाच्या कुणा म्हाताऱ्याचे कट्टे. त्यानं तुझं काय घेतलं होतं?

आमच्या मिलमधला काटेवाला आठवतो तुला? काट्यावर उभं करून तुझं वजन सांगायचा तो. त्याच्याइतका मदतीला धावणारा माणूस मी पाहिला नाही. बारदान्याचा हिशेब अडला की तो, रात्री ट्रक आला की हाक न मारता तो. मालकानं पहिल्या वर्षी शाबासकी दिली, दुसऱ्या वर्षी ते गृहीत धरलं, तिसऱ्या वर्षी एका रात्री आला नाही म्हणून चारचौघांत झापलं. पुढं पुढं माझ्या लक्षात आलं, दांडी स्थिर होण्याआधीच तो आकडा बोलून मोकळा होतो. फरकाचे कट्टे महिनाअखेर मागच्या दारानं जात. विचारलं, तर नजर न चुकवता म्हणाला, ‘मुनीमजी, माझ्या रात्री कुठं लिहिल्यात तुम्ही?’

वही माझ्याच मांडीवर होती, बाबू. मला उत्तर देता आलं नाही.

एमबीएच्या परीक्षेच्या वेळी अंगणात येरझारा घालत तूच मोठ्यानं वाचायचास, ते आठवलं. न सांगता केलेल्या अशा कामावर डेनिस ऑर्गनचं १९८८ चं पुस्तक. मला वाटायचं, मदत करणारा हात चोरी करणारच नाही. मग तू रिशाद दलालचा २००५ चा अभ्यास सांगितलास, की या दोहोंतलं नातं उलटं आहे खरं, पण आपण समजतो तेवढं घट्ट नाही. आणि क्लॉट्झ-बोलिनोंनी २०१३ मध्ये मांडलेलं : केलेला चांगुलपणाच माणसाला पुढच्या वाकड्या वागण्याची मुभा वाटू लागतो. तेव्हा तू हे पाठ केलंस. आता तेच तुझ्या तोंडून ऐकतोय.

म्हणून माझं जुनंच म्हणणं पुन्हा सांगतो, कंटाळू नकोस. जास्तीचं काम लिहून ठेवावं. तारीख, तास, काम, आणि महिन्याला वर पाठवावं. मनातल्या वहीत लिहिलेलं कुणी तपासत नाही, तिथं व्याज आपणच लावतो आणि वसुली भलत्याकडून करतो. हे काही तुझ्या केंद्रापुरतं नाही. आपल्या आशाताईच घे. सरकारनं २००५ पासून त्यांना ‘स्वयंसेविका’ म्हटलं, पगार नाही, मोबदला. अपरात्री बाळंतिणीला घेऊन गंगाबाई दवाखान्यात बसून राहतात त्या. त्यांच्या भलेपणावर आपण किती दिवस गाडा ओढणार? माणूस भला आहे म्हणून त्याला पिळायचं, आणि तो वाकडा झाला की नवल करायचं, हे मला सहन होत नाही.

पण हे सगळं साहेबाला सुनावण्याचं, तुला नव्हे. तुझा आवाज बसलेला वाटला. ताई सांगत होती, रात्री दहाला येतोस आणि ताटावरून अर्धं टाकून उठतोस. पोरीशीही बोलत नाहीस म्हणे. असं कधीपासून? मला का नाही कळवलंस?

बदलीचं पुढं बघू. रविवारी ये, मामीनं लाखोळीची डाळ काढून ठेवली आहे. आणि उद्या सकाळी रांगेत जो पहिला उभा असेल त्याचं धान वेळेवर मोज. दांडी थांबू दे, मग आकडा बोल.

तुझा,
मामा