पातूरचा आवाज

रात्री पुन्हा तोच विचार: पातूरचं आपलं एखादं रेडिओ केंद्र असावं. अकोल्याची आकाशवाणी लहानपणापासून ऐकतो, पण तिचा पसारा मोठा. घाटाखालच्या आमच्या बाजारात तुरीला काय भाव, कोणत्या गावचं पाणी आज सुटणार नाही, हे तिनं कुठवर सांगावं?

नियम चाळले. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरवली. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना सामुदायिक रेडिओची दारं उघडली, २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना. एकट्यादुकट्याला परवाना नाही. प्रक्षेपणाची ताकद साधारण १०० वॉटपर्यंत, मनोरा ३० मीटरपर्यंत, टप्पा सपाटीवर १०-१५ किलोमीटर. एफएमच्या लहरी डोंगर ओलांडत नाहीत, म्हणून मनोरा कुठं उभारायचा हाच इथला पहिला प्रश्न. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. हवामान, परीक्षा, वीज-पाणी मात्र सांगता येतं. आम्हाला तेच तर हवंय, तेही ‘पाऊस येऊन रायला’ अशा आमच्याच बोलीत.

साताऱ्याकडच्या दुष्काळी म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे असंच सामुदायिक केंद्र २००८ पासून सुरू आहे. तिथं जमलं, ते इथं का जमू नये?

यंत्र पैशानं येईल. रोज न चुकता माइकसमोर बसणारी माणसं जमवणं खरं अवघड. नियमाप्रमाणे निदान तीन वर्षं जुनी नोंदणीकृत संस्था चालवणाऱ्या पातूरकरांनो, अर्जाचं मनावर घ्या. बोलायला आम्ही येतो.