क्रम आणि कौल

कालिदासाविषयीचे एक सुभाषित संस्कृतच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. कवींची गणना करताना करंगळीवर कालिदास आला, पुढच्या बोटासाठी त्याच्या तोडीचा कवी सापडेना, आणि म्हणून त्या बोटाचे 'अनामिका' हे नाव सार्थ ठरले. सुभाषितकाराने येथे गृहीत धरले आहे की आधी योग्यता, मग जागा. वाङ्मयव्यवहारात मात्र उलटा प्रवासही घडतो. आधी जागा मिळते आणि त्या जागेमुळे योग्यता दिसू लागते. ह्या दोन प्रवासांतला भेद ओळखावा कसा, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळत आला आहे. त्याचे नेमके उत्तर मला समीक्षेच्या ग्रंथांत मिळाले नाही. ते मिळाले शोधयंत्रावरील जाहिरातींच्या हिशेबात. जाहिरातसंस्थेत नोकरी करणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थिनीने तो मला समजावून दिला.

हिशेब असा. आपण शोधयंत्रात काही शब्द लिहितो, तेव्हा उत्तरांबरोबर काही जाहिरातीही दिसतात. जाहिरात हजार वेळा दिसली आणि तिच्यावर तीस वेळा क्लिक झाले, तर तिचा 'क्लिक-थ्रू रेट', म्हणजे सीटीआर, तीन टक्के. बिल ग्रॉस यांनी १९९८ मध्ये 'गोटू डॉट कॉम' सुरू केले, तेव्हा नियम सरळ होता: ज्याची बोली मोठी त्याची जाहिरात वर, आणि पैसे क्लिक झाले तरच. गुगलने २००२ मध्ये त्यात महत्त्वाचा बदल केला. क्रम ठरवताना बोलीला सीटीआरने गुणायचे. समजा, एकाची बोली वीस रुपये आणि सीटीआर दोन टक्के. दुसऱ्याची बोली बारा रुपये, पण सीटीआर पाच टक्के. गुणाकार अनुक्रमे चाळीस आणि साठ. बारा रुपयेवाला वर जातो. शिवाय त्याला बारा रुपये मोजावेही लागत नाहीत. चाळीसला पाचाने भागून येणाऱ्या आठ रुपयांहून किंचित जास्त दिले की त्याची जागा टिकते.

येथवर हे सारे न्याय्य वाटते. धनिकाच्या थैलीला वाचकाच्या कौलाने लगाम घातला, असे म्हणता येईल. पण हा कौल निखळ असतो काय? थॉर्स्टन योआकिम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्नेल विद्यापीठात केलेला एक प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तो जाहिरातींवर नव्हे, शोधाच्या साध्या उत्तरांवर होता. काही जणांना पहिल्या दोन उत्तरांची अदलाबदल करून दाखवली, तरीही लोकांनी वरच्यालाच अधिक पसंती दिली. गुणवत्तेचा परिणाम अजिबात नव्हता असे नाही. पण जागेचा प्रभाव ठळक होता. म्हणजे वर आहे म्हणून क्लिक होते, आणि क्लिक होते म्हणून वर राहते. हे चक्र भेदल्याखेरीज सीटीआरला गुणवत्तेचे माप म्हणता येत नाही.

जाहिरातीच्या व्यवसायाने ते भेदण्याची रीत शोधली. सीटीआरचा अंदाज बांधताना जागेचा वाटा वजा केला जातो. पहिल्या जागी कोणत्याही जाहिरातीला साधारण सहा टक्के मिळतात आणि चौथ्या जागी दीड, असे समजा. मग चौथ्या जागी दोन टक्के मिळवणारी जाहिरात पहिल्या जागी पाच टक्के मिळवणारीपेक्षा सरस ठरते, कारण तिने आपल्या जागेवर मात केली आहे. गुगलचे अर्थतज्ज्ञ हॅल व्हॅरियन यांनी २००९ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली. जागेनुसार क्लिकांची संख्या पुष्कळ बदलते; क्लिक केल्यानंतर खरेदी करणाऱ्यांचे प्रमाण मात्र फारसे बदलत नाही. वाचक मिळवून देणे जागेच्या हाती आहे, समाधान देणे नाही.

'सरासरी क्रमांक' हा आकडाही असाच फसवा होता. सरासरी दुसरी असलेली जाहिरात निम्म्या वेळा पहिली आणि निम्म्या वेळा तिसरी असू शकते. दुसऱ्या जागी ती कधी दिसलेलीच नसेल. गुगलने तो २०१९ मध्ये बंद केला, आणि जाहिरात किती वेळा सर्वांत वर दिसली हे सांगणारे माप पुढे ठेवले.

आता आपल्या घरात डोकावू. मी काही वर्षे एका अभ्यासमंडळावर होतो. कवितांची निवड बदलायची वेळ आली, की एक युक्तिवाद हमखास येई: "शेवटच्या दोन-तीन कवितांवर विद्यार्थी उत्तरेच लिहीत नाहीत, त्यांना त्या भावत नाहीत." कविता वगळल्या जात. त्या संग्रहाच्या शेवटी होत्या, वर्ष संपताना घाईघाईने उरकल्या जात, आणि वैकल्पिक प्रश्नांत विद्यार्थी जूनमध्ये सावकाश शिकलेली पहिली कविता निवडत, हा हिशेब कोणी मांडत नसे. वगळलेल्या कवितांत दुर्बोध म्हणून आधीच बाजूला पडलेल्या कवींचा भरणा असे. अभ्यासक्रमातून गेलेल्या कवितेवर लेख कमी होतात, प्रबंध कमी होतात, आणि पुढल्या संपादकाला ती दिसतच नाही. जाहिरात खाली गेली तर व्यापाऱ्याचे चार पैसे जातात. येथे एक कवी एका पिढीच्या वाचनातून जातो, आणि त्याला आपण अभिरुचीचा कौल म्हणतो.

बाजाराकडून साहित्याने काही शिकावे, असे म्हणताना जीभ अडखळते. बाजाराला क्लिकांपुढचे काव्य दिसत नाही, हे खरेच. पण जागेने मिळवलेले आणि स्वतः मिळवलेले यांची वजाबाकी तो करतो, कारण ती न केल्यास त्याचे नुकसान होते. आपण ती करत नाही, कारण आपले नुकसान आपल्याला दिसत नाही.

उपाय अवघड नाही. कविता वगळण्यापूर्वी एक वर्ष ती जूनमध्ये शिकवून पाहावी आणि पहिली कविता मार्चमध्ये. त्यानंतरही विद्यार्थी तिच्याकडे फिरकले नाहीत, तर तिच्याविषयी निकाल देण्याचा थोडा अधिकार आपल्याला येईल. तोवर आपण मोजलेले असते ते केवळ वेळापत्रक.