अप्पांचा पाय आणि हैदराबादची रेस

इथं सगळ्यांच्या आठवणी मी नेमानं वाचतो. कुणी वाड्याबद्दल लिहितं, कुणी शाळेबद्दल, कुणी निजामाच्या काळातल्या आजोबांबद्दल. मी पहिल्यांदाच लिहितोय, आणि तेही मोटारींच्या रेसबद्दल. चिटगुप्प्याचा आणि रेसचा काय संबंध, असं म्हणाल. आमच्या घरात तो संबंध अप्पांमुळं आला.

अप्पा लॉरी ड्रायव्हर. सोलापूर-हैदराबाद रोडवर त्यांची सगळी उमर गेली. तूर, हरभरा भरायचा, हैदराबादला उस्मानगंजात उतरवायचा, येताना मिळेल तो माल घ्यायचा. पॉवर स्टेरिंग नव्हतं. वळणावर अप्पा सीटवरून अर्धे उठून स्टेरिंग ओढायचे. गिअर टाकताना डबल क्लच मारायचे, आणि गिअर खरडला तर स्वतःलाच शिवी द्यायचे. डिझेल मालक मोजून द्यायचा. एवढ्यात जाऊन यायचं, वर लागलं तर पगारातनं कापणार. त्यामुळं उतार आला की पाय काढायचा, पुढं चढ आहे हे लांबूनच बघून वेग धरायचा, ब्रेक कमीत कमी लावायचा. ब्रेक लावला म्हणजे जाळलेलं डिझेल वाया गेलं, हे त्यांचं गणित.

1993 च्या पावसाळ्यात मन्नाखेळीच्या अलीकडं अपघात झाला. अंधार, भुरभुर पाऊस, आणि पुढं रस्त्यात बिनदिव्याची बैलगाडी. अप्पांनी ब्रेक दाबला, चाकं जाम झाली, लॉरी घसरत गेली. बैलगाडी वाचली. लॉरीची डावी बाजू चिंचेच्या झाडावर गेली आणि त्या बाजूला क्लीनर बसला होता. एकोणीस वर्षांचा पोरगा. त्याला आम्ही मुलं मामा म्हणायचो. त्याचा पाय वाचला, पण कायमचा आखडला. पुढं त्यानं मन्नाखेळीतच चहाची टपरी टाकली.

अप्पांना कुणी दोष दिला नाही, मामानंही नाही. पण अप्पा स्वतः कधी विसरले नाहीत. "ब्रेक सोडत-दाबत मारायला पायजे होता. मी नुसता दाबून धरलो. पाय चुकला माजा." हे वाक्य मी निदान शंभरदा ऐकलं असेल. त्यानंतर ते मन्नाखेळीत चहाला कधी थांबले नाहीत. थेट पुढं जायचे.

पुढच्याच वर्षी, मे 1994 मध्ये, सोलापूरहून येणाऱ्या पेपरात आयर्टन सेना गेल्याची बातमी आली. इटलीत इमोलाच्या शर्यतीत 1 मे ला. त्याच्या आदल्या दिवशी तिथंच रोलांड रात्झेनबर्गर गेला होता. मी सोळा वर्षांचा. फॉर्म्युला वन म्हणजे काय ते तेव्हाच पहिल्यांदा कळलं. नंतर गुलबर्ग्याला डिप्लोमाला गेलो, केबलवर रेस बघायला लागलो, आणि हा नाद लागला तो लागलाच. आज हुमनाबादला माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे, त्यातही त्या नादाचा वाटा आहे.

त्या वेळच्या वाचनातून समजलं की 1992 साली नायजेल मॅन्सेलची विल्यम्स गाडी जवळजवळ संगणकावर चालत होती. रस्त्याप्रमाणं आपोआप वर-खाली होणारं सस्पेन्शन, चाक फिरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल. त्या हंगामात मॅन्सेलनं नऊ शर्यती मारल्या आणि ऑगस्टमध्येच अजिंक्यपद घेऊन मोकळा झाला. 1994 ला ही सगळी मदत बंद केली. 2001 ला ट्रॅक्शन कंट्रोल परत आलं, 2008 ला पुन्हा गेलं. कधी ठेवायचं, कधी काढायचं, हा वाद तेव्हापासून चालूच आहे.

2001 ला दसऱ्याला घरी आलो तेव्हा मी अप्पांना मोठ्या हौसेनं हे सांगितलं. ड्रायव्हरनं कितीही दाबलं तरी चाक जागेवर फिरत नाही, गाडीच सांभाळून घेते. अप्पा विडी ओढत ऐकत होते. म्हणाले, "गाडीच सगळं करत असंल तर मानूस कशाला बसवलाय आत? शोभंला?"

मी म्हणालो, "अप्पा, त्यानं वेग वाढतो." ते म्हणाले, "वेग वाढंल रे. पन चुकायची भीतीच नसंल तर बघायचं काय?"

मला राग आला. रेस मी बघत होतो, आणि एक वाक्य बोलून ते मोकळे झाले होते. पण खरं सांगतो, पुढची सहा-सात वर्षं ओल्या रस्त्यावरची रेस बघताना तेच वाक्य आठवायचं. वळणातून बाहेर पडताना गाडीचा मागचा भाग जरा सटकला, ड्रायव्हरनं स्टेरिंग उलट मारून तो सावरला, की आपण खुर्चीवर पुढं सरकतो. ते सटकणंच संपलं तर बघणाऱ्याला उरतं काय?

एवढ्यावर थांबलो असतो तर अप्पांचं बरोबर, असं म्हणून विषय संपला असता. पण 2017 ला मी नवी कार घेतली. एबीएस असलेली. अप्पांना शेजारी बसवून बिदरला निघालो होतो. पाऊस होता. एक म्हैस एकदम आडवी आली. मी जीव खाऊन ब्रेक दाबला. पायाखाली पेडल थरथरलं, खडखड आवाज आला, पण चाकं जाम झाली नाहीत. स्टेरिंग वळलं आणि गाडी म्हशीला वळसा घालून निघाली.

अप्पा ओरडले, "ब्रेकला काय झालं? थरथरला का?"

मी गाडी बाजूला घेतली आणि सांगितलं. चाक जाम होऊ लागलं की यंत्र ब्रेक सोडतं, परत दाबतं, परत सोडतं. एका सेकंदात कितीतरी वेळा. मानसाच्या पायाला तेवढं जमत नाही, कुणाच्याच.

अप्पा बराच वेळ गप्प. काचेवरचा पाऊस बघत होते. मग एवढंच म्हणाले, "कुनाच्याच पायाला?"

"कुनाच्याच नाही अप्पा."

"हे आमाला मिळालं नाही रे."

त्या दिवशी मला कळलं की यंत्राच्या मदतीवर त्यांचा राग कशाचा होता. त्यांची सगळी इज्जत त्या पायात होती, आणि चोवीस वर्षांची खंतही त्याच पायात होती. (2019 पासून नव्या सगळ्या कारमध्ये एबीएस सक्तीचं झालं. दुकानात कुणी "ते नसलेली जुनी गाडी स्वस्तात मिळतीय" म्हणाला की मी हा किस्सा सांगतो.)

आता हैदराबादचं सांगतो. 11 फेब्रुवारी 2023, शनिवार. हुसेनसागरच्या काठावर फॉर्म्युला ई ची रेस झाली, विजेवरच्या गाड्यांची. माझा मुलगा हैदराबादला नोकरीला, त्यानं तिकिटं काढली. अप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. "उस्मानगंज बघायला चला," म्हणून त्यांना नेलं.

गाड्या निघाल्या आणि अप्पांचं तोंड पडलं. "आवाजच नाही. पिठाच्या गिरनीचा पट्टा घसरल्यागत चिर्र करतंय."

मग मी त्यांना नियम सांगितले. सगळ्यांना सारखीच मोजून वीज. सरसकट दाबत राहिलात तर शेवटच्या फेरीआधीच संपणार. पाय काढला, ब्रेक लावला की थोडी वीज परत भरते. शर्यतीत वापरलेल्या विजेचा जवळजवळ चाळीस टक्के भाग असा परत मिळवलेला असतो. जास्तीची ताकद पाहिजे तर ठरलेल्या ठिकाणी नेहमीची वाट सोडून बाहेरच्या पट्ट्यावरून जायचं. तिथं वेळ जातो, एखादा नंबरही जातो, मग काही मिनिटं ताकद मिळते.

अप्पा ताठ बसले. "म्हंजे डिझेल मोजून दिलंय."

"हो."

"मग हे आपलंच काम हाय की रे!"

त्यानंतर मला समजावून सांगायची गरजच पडली नाही, तेच मला सांगायला लागले. पुढचा का पाय काढतोय, मागचा त्याच्या आडोशाला का बसलाय. पहिल्या नंबरावरून सुटलेल्या मिच इव्हान्सला त्याच्याच टीमच्या सॅम बर्डनं वळणावर धडक दिली, तेव्हा कपाळाला हात लावून म्हणाले, "एकाच मालकाच्या दोन गाड्या! आज मालक दोघांना बी सोडत नाही."

शेवटच्या फेऱ्यांत जाँ-एरिक व्हर्न पुढं आणि निक कॅसिडी त्याला चिकटून मागं. व्हर्नकडं वीज कमी, कॅसिडीकडं जास्त. सगळ्यांना वाटलं हा आता गेला. पण व्हर्न नको तिथं एक थेंब वाया घालवत नव्हता, आणि पाहिजे तिथं दार बंद ठेवत होता. अर्ध्या सेकंदाच्या आत जिंकला. अप्पा उभे राहिले होते. गुडघे दुखतात म्हणून लग्नात जेवायलाही खुर्ची मागणारा माणूस.

तिसरा आलेला सेबास्टियन ब्यूमी नंतर दंड होऊन खाली गेला, त्यानं ठरल्यापेक्षा जास्त ताकद वापरली होती. मुलानं मोबाईलवर वाचून दाखवलं. अप्पा हसले, "पगारातनं कापलं म्हन की!"

रस्त्यानं मी विचारलं, "अप्पा, या गाड्यांत तर संगणकच संगणक. मग मजा कशी आली?"

ते म्हणाले, "संगनक असूं दे. पाय कवा काढायचा ते त्यानंच ठरवलं ना? त्याचं डोकं त्याच्याकडं ठेवलं. जीव वाचवनारं यंत्र पायजेच, त्याच्यात मजा जात नाही. कुनाचा पाय मोडला म्हनून रेस चांगली होत नसती."

माझंही मत आता तेच आहे. 2018 ला फॉर्म्युला वनमध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावर हॅलोची कमान आली तेव्हा मीही नाक मुरडलं होतं. 2020 ला बहरीनमध्ये रोमेन ग्रोजाँ आगीच्या लोळातून चालत बाहेर आला आणि माझं तोंड बंद झालं. त्या कमानीनं शर्यतीतलं काहीच काढून घेतलं नाही. ट्रॅक्शन कंट्रोलनं घेतलं होतं, कारण तिथं चूक करायची आणि सावरायची संधीच ड्रायव्हरच्या हातातून गेली होती. आणि मोजून दिलेल्या विजेच्या नियमानं उलट त्याच्यापुढं दर वळणावर एक नवा प्रश्न टाकला.

मन्नाखेळी जवळ आली तेव्हा अप्पा म्हणाले, "थांबव जरा. चहा घेऊ."

मामा टपरीतून लंगडत बाहेर आला. अप्पांना बघून गडबडला, फडक्यानं बाकडं पुसायला लागला. अप्पांनी त्याला धरून शेजारी बसवलं. रेसचं सांगितलं, विजेचं सांगितलं. मग नव्या गाडीच्या ब्रेकचं सांगितलं, सेकंदात कितीदा सोडतो-दाबतो ते.

मामानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी तर त्याच दिवशी म्हनलो होतो अप्पा, तुमचा पाय चुकला नाही."

चहा थंड होईपर्यंत दोघं बसले होते. मी पैसे देऊ लागलो तर मामानं घेतले नाहीत.

2024 ची हैदराबादची रेस रद्द झाली. अप्पांनी दोनदा विचारलं, "औंदा कवा हाय?" तुमच्या घरात कुणी या रोडवर लॉरी चालवली असेल तर त्यांच्याबद्दल जरूर लिहा. अप्पांना मी वाचून दाखवीन.