दवाखान्यातील दुसरी विद्या

पेणहून गोव्याच्या वाटेस लागले म्हणजे वडखळचा नाका येतो. तेथून अलिबागेची वाट फुटते. ह्या नाक्यावर सावधपणे चाला, असे आम्ही वर्गात अनेकदा बजावले होते. त्याच ठिकाणी एका पावसाळी सायंकाळी दुचाकीचा धक्का लागून आमचाच उजवा हात मोडला!

शस्त्रवैद्यांनी हाड उत्तम सांधले. परंतु प्लास्टर निघाले तेव्हा खडू धरण्यास बोटे वळेनात. वीस वर्षे फळ्यावर लिहिणाऱ्यास स्वतःची सही करवू नये, ह्याहून दैन्य ते कोणते?

आम्हांस व्यवसायोपचार करणाऱ्या एका तरुण बाईंकडे पाठविण्यात आले. त्यांनी आमच्यापुढे शाडूचा गोळा ठेविला व म्हणाल्या, "सर, पेणची मूर्ती नको, नुसता लाडू वळा." आम्हांस हसू आले, पण तो लाडू वळण्यास तीन आठवडे लागले. पुढे बोटांचे एकेक स्नायू त्यांनी असे जागे केले की, तिसऱ्या महिन्यात आम्ही फळ्यावर तारीख लिहिली.

ही विद्या आपल्याकडे नवी नव्हे. जन्माने अमेरिकन, विवाहाने महाराष्ट्रीय अशा कमला निंबकर ह्यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात तिची भारतातील पहिली शाळा काढिली. १९९८ साली स्थापन झालेले नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आज तिची पदवी देते. शरीररचना, मानसशास्त्र इत्यादी विषय शिकून विद्यार्थ्यास अखेर रुग्णालयात उमेदवारी करावी लागते. २०२१ साली संसदेने संमत केलेल्या कायद्याने ह्या व अशा अन्य वैद्यकसंलग्न व्यवसायांस राष्ट्रीय आयोगही दिला.

हे सर्व आम्हांस आधी ठाऊक असावयास हवे होते. अपघातापूर्वी आमची एक माजी विद्यार्थिनी ह्याच शिक्षणाविषयी सल्ला विचारावयास आली होती. "डॉक्टर होता येत नाही, मग ही दुय्यम विद्या कशास?" असे आम्ही म्हणालो. ती मुकाट्याने परत गेली. बऱ्या झालेल्या हाताने आम्ही पहिले पत्र तिलाच लिहून क्षमा मागितली. उत्तर आले: "सर, आपले अक्षर पूर्वीसारखेच आहे, हे पाहून आनंद झाला. माझे बी. कॉम.चे दुसरे वर्ष चालू आहे."

विद्यार्थिमित्रहो, यंदा जे कोणी असा सल्ला विचारावयास येतील, त्यांस आम्ही प्रथम हा हात दाखवू; मग बोलू.