लुकलुकणारा दिवा

गाडीतलं मला फारसं कळत नाही, हे आधीच कबूल करतो. आयुष्य सायकलवर गेलं. हवा कमी आहे का, ते अंगठ्याने टायर दाबून कळायचं. पण २०२३ चा हिवाळा मुलाकडे मिनेसोटात काढला आणि या वयात एक नवाच धडा शिकलो.

तिकडे बर्फ पडायच्या आत बरेच लोक गाडीची चाकं बदलतात. चिरंजीवांनी सूनबाईंच्या गाडीसाठी नुसते बर्फाचे टायर न घेता, बाहेरच्या रिमवर बसवलेली चार चाकंच मागवली. दर मोसमाला टायर काढ-घाल नको, घरीच जॅक लावला की झालं. चाकं चढवली, गाडी सुरू केली, तर समोर पिवळा दिवा! घोड्याच्या नालासारखी आकृती आणि आत उद्गारचिन्ह.

"नव्या चाकांत सेन्सर नाहीत ना बाबा, म्हणून. बरेच जण हिवाळाभर तसंच चालवतात."

मला काही ते पटेना. घरात गाडीचं मॅन्युअल वाचणारा मी एकटाच निघालो (सवय, दुसरं काय!). प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी एक छोटा सेन्सर असतो. तो हवेचा दाब मोजतो आणि आपल्या क्रमांकासह रेडिओवरून गाडीला कळवतो. गाडी फक्त ओळखीचे क्रमांक ऐकते. हवा ठरलेल्या दाबापेक्षा पाव हिश्शाने उतरली की दिवा सरळ लागतो. सेन्सरच सापडला नाही, तर आधी मिनिटभर लुकलुकतो आणि मग तसाच राहतो. म्हणजे पहिलं मिनिट संपलं की दोन्ही दिवे सारखेच! (काही गाड्या चाकाच्या फिरण्यावरून दाबाचा अंदाज बांधतात. त्यांना चाकात सेन्सर लागतच नाही.)

अमेरिकेत ही सोय उगाच सक्तीची झालेली नाही. फायरस्टोनचे टायर फाटून फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांच्या अपघातांत अडीचशेहून अधिक माणसं गेली, त्यानंतर २००० साली कायदा झाला. २००८ च्या मॉडेलपासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीत हा दिवा असतोच.

आठवड्याभरात सूनबाईंना तो दिसेनासा झाला. आमच्या वर्गात एक मुलगा होता, सतत हात वर. मी शेवटी त्याच्याकडे पाहणंच सोडलं. एकदा त्याला खरंच उलटी होत होती. ते आठवलं की अजून ओशाळायला होतं.

डिसेंबरात एका सकाळी दारातला बर्फ ओढताना मागचं उजवं चाक जरा जास्तच बसलेलं दिसलं. चिरंजीवांनी गेज लावलं: १४ पाउंड. हवीत ३३. टायरमध्ये खिळा होता. आदल्या संध्याकाळी नातीला पोहण्याच्या क्लासहून घेऊन सूनबाई याच गाडीने हायवेवरून आल्या होत्या. कोणी काही बोललं नाही. चिरंजीव आत जाऊन फोन करायला लागले.

दुकानदाराने पंक्चर काढलं आणि चार सेन्सर बसवले. त्यासाठी टायर रिमवरून पुन्हा उतरवावे लागले, मजुरी दुप्पट. पहिल्यांदा टायर बसवतानाच सेन्सर घातले असते तर ती वाचली असती. सेन्सरही कुठलाही चालत नाही. काही गाड्या ३१५ मेगाहर्ट्झवर ऐकतात, काही ४३३ वर. रिमच्या भोकात आणि आतल्या जागेत तो नीट बसावा लागतो. बॅटरी आत बंद असते, संपली की सेन्सरच बदलायचा. मला मौज वाटली ती पुढच्या गोष्टीची. त्याने हातातल्या यंत्राने जुन्या चाकांचे क्रमांक वाचले आणि नव्या सेन्सरांत तेच भरले. गाडीला वाटतं, ही आपलीच जुनी चाकं! आता वसंतात चाकं पुन्हा बदलली तरी तिला काही शिकवायला नको. परत येताना थोडं अंतर गेल्यावर दिवा विझला.

जानेवारीत उणे पंचवीसची सकाळ. दहा अंश फॅरनहाइटला साधारण एक पाउंड हवा उतरते. आणि आमची तर दुकानाच्या उबेत भरलेली. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, लगेच बंद झाल्याचाही. सूनबाई दारात.

"बाबा, लुकलुकला नाही हो. सरळ लागलाय."

चिरंजीव पायजम्यावरच जाकीट चढवून पंप घेऊन बाहेर पळाले. नात गेज धरून चाकाशी उकिडवी बसली आणि मला ऐकू जावं म्हणून ओरडून आकडे सांगायला लागली. "अठ्ठावीस... तीस... आजोबा, तेहेतीस!"